मुक्या माराला इंग्रजीत काय म्हणतात?

बाई, नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका सीबीएसई शाळेत बारावी कला शाखेत शिकते. माझा पाचवा विषय शारीरिक शिक्षण आहे. सहावीपासून खो-खो खेळते, दोन वेळा राज्य स्पर्धा खेळले. दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. अकरावीत हा विषय घेतला कारण सगळेच म्हणाले, तुला काय, तुझ्या हातचा मळ. आता सहामाहीत 70 पैकी 27 पडलेत. वर्गात एक मुलगी आहे, तिला मी प्रार्थनेची रांग सोडली तर कधी मैदानावर बघितलेलं नाही. तिला 63. पेपर वाटताना सगळा वर्ग हसला. बाबा म्हणाले, "खेळात फुल आणि खेळाच्या पेपरात गुल."

विषय बदलता येईल का? सर म्हणतात, प्रॅक्टिकलचे 30 तुझे कुठं जात नाहीत, बाकी गाईड पाठ कर. पण ते पाठ होत नाही. पुस्तक उघडलं की झोप येते, सरावावरून आल्यावर तर जास्तच. रात्री जेवणही जात नाही. वजन वाढलं की पळती कमी होते म्हणून मी चहा-बिस्किटावर भागवते. अंग हलकं झालंय. पाळीसुद्धा चार महिने आलेली नाही, ते एका अर्थी बरंच आहे, सरावाला खाडा पडत नाही.

पेपरचे फोटो जोडले आहेत. नाव छापू नका.

– खांबावरची

प्रिय खांबावरची,

मार्कांचं नंतर बोलू. आधी ते शेवटून तिसरं वाक्य, जे तू जाता जाता लिहून टाकलंस.

चार महिने पाळी न येणं बरं नाही. एका अर्थी नाही, कुठल्याच अर्थी नाही. तुझ्या पेपरचे फोटो मी मोठे करून पाहिले. शेवटच्या भागात पाच गुणांचा एक प्रश्न आहे, फीमेल अ‍ॅथलीट ट्रायड म्हणजे काय ते स्पष्ट करा. तिथे तू नुसता प्रश्नाचा क्रमांक घातलास आणि पुढची जागा कोरी सोडलीस. अगं पोरी, तो प्रश्न तुझ्यावरच होता.

ट्रायड म्हणजे त्रिकूट. पहिलं, जेवढी ताकद खर्च होते तेवढं पोटात न जाणं. दुसरं, त्यामुळे पाळी लांबणं किंवा थांबणं. तिसरं, हाडं ठिसूळ होणं. तिन्ही एकमेकांचा हात धरून येतात. घरात धान्य कमी पडलं की आई आधी काय बंद करते? सणाचं गोडधोड. शरीरही तसंच करतं. इंधन कमी पडलं की जगायला ज्यावाचून अडत नाही ते आधी बंद करतं, आणि त्यात पाळी येते. पण पाळी थांबते तेव्हा अंगातलं इस्ट्रोजेनही खाली आलेलं असतं, आणि हाडाला धरून ठेवणारं तेच. तुझ्या वयात हाडं आयुष्यभराची पुंजी साठवत असतात. बसल्या जागेवरून झटकन उठणं, खांबाला वळसा, एका पायावर हूल देणं, या सगळ्याचा मार तुझ्या नडगीवर बसतो. अशा मुलींच्या नडगीला न पडता, न आपटता बारीक तडा जातो. मग सहा-आठ आठवडे मैदान बंद. सरावाला खाडा पडू नये म्हणून जे तू बरं मानतेस, तेच तुला मैदानाबाहेर बसवेल.

तेव्हा हे वाचून झालं की उठ आणि आईला सांग. बाबांना सांगायला लाज वाटत असेल तर आई सांगेल. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ बसतात, त्यांना दाखवा. किती तास सराव करतेस आणि काय खातेस, ते खरं सांग. कारण दुसरंही असू शकतं, थायरॉइडसारखं. ते तपासून डॉक्टर ठरवतील, मी नाही आणि तुझे प्रशिक्षकही नाहीत. मेडिकलमधून पाळी आणायच्या गोळ्या परस्पर घेऊ नकोस. कुणी मैत्रिणीने सुचवल्या तरी नाही.

आणि चहा-बिस्कीट बंद. सरावावरून आल्या आल्या भूक मेलेली असते हे मला ठाऊक आहे, मीही त्यातून गेले आहे. म्हणून जेवणाची वाट बघायचीच नाही. मैदानावरून निघतानाच दोन केळी, नाहीतर शेंगदाण्याचा लाडू. घरी आलं की दूध. तासाभराने भाकरी, घट्ट वरण, शेंगाची चटणी, जमेल तेव्हा अंडं. पळती वजनाने कमी होत नाही, रिकाम्या पोटाने होते. तुमच्याच जिल्ह्याची सारिका काळे भारताची कर्णधार झाली, 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला. ती चहा-बिस्किटावर पळाली असती तर दुसऱ्या डावात खांबाला धरून उभी राहिली असती.

पुस्तक उघडलं की झोप येते म्हणालीस ना? त्यातली निम्मी झोप या उपाशीपणाची आहे. अभ्यासाचा पहिला उपाय तोच झाला.

आता मार्क.

विषय बदलायचं डोक्यातून काढ. बारावीला, सहामाही होऊन गेल्यावर, ते होत नाही, आणि होत असतं तरी मी होऊ दिलं नसतं. पास व्हायला लेखीत 33 टक्के लागतात, प्रॅक्टिकलमध्ये वेगळे 33 टक्के. 70 चे 33 टक्के म्हणजे 23 च्या आसपास. तुझे 27 आहेत. काठावर आहेस, पाण्यात नाहीस.

हसणाऱ्या वर्गाला आणि बाबांना एक गोष्ट ठाऊक नाही. या विषयाचं नाव शारीरिक शिक्षण असलं तरी 70 गुणांच्या पेपरात शरीर हललेलं दिसत नाही. त्यात शरीरशास्त्र आहे, पदार्थविज्ञानातले न्यूटनचे नियम आहेत, आहारशास्त्र, मानसशास्त्र, अपंग खेळाडूंच्या स्पर्धा, योग, स्पर्धेचं आयोजन, असे दहा धडे आहेत. आपल्याकडे राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत आरोग्य व शारीरिक शिक्षणाला नुसती श्रेणी मिळते. त्यामुळे शेजारपाजारच्यांना वाटतं की हा विषय म्हणजे शिट्टी आणि पीटीचा तास. सीबीएसईत तो इतिहास-भूगोलाच्या बरोबरीचा 100 गुणांचा विषय आहे. मी तो तेवीस वर्षं शिकवला. दर वर्षी वर्गातले एक-दोन उत्तम खेळाडू लेखीत आपटायचे. पहिली काही वर्षं मलाही वाटायचं की ही मुलं आळशी आहेत. मग एकदा पेपर तपासताना लक्षात आलं की मुलांना येतंय सगळं, पण ते त्यांच्या अंगात आहे, आणि अंगातून कागदावर उतरायला जो शब्द लागतो तो त्यांच्याकडे नाही.

तुझंच बघ. प्रश्न होता, स्प्रेन आणि स्ट्रेन यांतला फरक सांगा, तीन गुण. तू लिहिलंस, "बोथ आर पेनफुल. वी पुट आइस." शून्य मिळालं. मास्तरांचं चुकलं नाही. पण मी तुला मराठीत विचारते. खांबाला वळताना घोटा आत वळला आणि टम्म सुजला, तर तू काय म्हणशील? मुरगळला. आणि लांब सूर मारताना मांडीच्या मागे खाडकन ओढल्यासारखं झालं, तर? स्नायू ओढला गेला, भरला. तू हे दोन्ही कधी एक मानलं नाहीस. मुरगळण्यात सांध्याची दोन हाडं बांधून ठेवणारा बंध, लिगामेंट, ताणला किंवा फाटला जातो. ते स्प्रेन. ओढला जातो तो स्नायू किंवा त्याचं हाडाला चिकटणारं टोक, टेंडन. ते स्ट्रेन. स्ट्रेनमधला ट टेंडनचा ट, एवढं धरून ठेव, पुन्हा घोळ होणार नाही. फरक तुला दहा वर्षांची असल्यापासून ठाऊक होता, फक्त तो परीक्षेच्या भाषेत नव्हता.

दुखापतींचा सगळा धडा असाच आहे. मातीत गुडघा सोलवटतो ते अब्रेजन. प्रतिस्पर्ध्याचा गुडघा मांडीवर बसतो, कातडी फुटत नाही, पण दुसऱ्या दिवशी काळं-निळं होतं, तो मुका मार म्हणजे कन्ट्यूजन. काय सुंदर शब्द आहे आपला, मुका मार! लागलेलं असतं पण बोलत नाही. पत्र्याने सरळ रेघेत कापलं तर इन्सिजन, तारेत अडकून वेडंवाकडं फाटलं तर लॅसरेशन. खांदा निखळला तर डिस्लोकेशन. हाड मोडण्याचे प्रकारही पाठ होत नसतील. तुरीची ओली काटकी वाकवून बघ. एका बाजूने चिरते, दुसरीकडे वाकून राहते, पण तुटून हातात येत नाही. लहान मुलांची हाडं अशीच मोडतात. त्याचं नाव ग्रीनस्टिक, म्हणजे ओली काटकीच की! वाळकी तुराटी मोडली की ती आडवी मोडते का तिरपी, ते बघ. आडवी मोडली तर ट्रान्सव्हर्स, तिरपी मोडली तर ऑब्लिक. कडेच्या बांधावर बसून पंधरा मिनिटांत होईल हा भाग.

बोर्डाच्या पेपरात उत्तर इंग्रजीत किंवा हिंदीतच लिहावं लागतं, मराठीत चालत नाही. पण समजून घ्यायला मराठीच लागते, आणि ती तुझ्याकडे त्या 63 वालीपेक्षा जास्त आहे. एक शंभर पानी वही कर. डाव्या पानावर रोज सरावात काय झालं ते तुझ्या भाषेत चार ओळी: कोण पडलं, कुठं लागलं, कुठला गडी कसा टिपला, दम कधी लागला. उजव्या पानावर त्याच गोष्टीला पुस्तक काय म्हणतं ते इंग्रजीत. रोज वीस मिनिटं, जास्त नको. गाईड उशाला घेऊन झोपण्यापेक्षा हे बरं.

बायोमेकॅनिक्सच्या, म्हणजे शरीराच्या हालचालीमागच्या पदार्थविज्ञानाच्या, धड्याला तू पेपरात हातच लावलेला नाहीस. म्हणून तो इथे एकदा तुझ्या अंगावरच करून दाखवते. पाटीत बसतेस तेव्हा कशी बसतेस? बुलेट टो नावाची बैठक असेल तर एक पाय पुढे, मागचा पाय चवड्यावर, टाच उचललेली, छाती पुढे झुकलेली. आता अंगणात तशी बस आणि कुणाला तरी मागून एका बोटाने ढकलायला सांग. चटकन पुढे जाशील. मग मांडी घालून बस आणि पुन्हा ढकलायला सांग. हलणार नाहीस. मांडी घातल्यावर गुरुत्वमध्य खाली असतो, बूड रुंद असतं, म्हणून स्थिरता जास्त. बुलेट टोमध्ये गुरुत्वमध्यातून खाली येणारी रेषा पायाच्या पुढच्या कडेशी येऊन ठेपते, म्हणून स्थिरता कमी. खो मिळाल्यावर तुला स्थिर राहायचंच नसतं, सुटायचं असतं. म्हणजे तू रोज मुद्दाम अस्थिर होऊन बसतेस. पुस्तकात याला इक्विलिब्रियम आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी म्हटलंय, आणि उदाहरणं कुस्तीची नाहीतर धावण्याच्या सुरुवातीची दिलेली असतात. तू खो-खोचं दे. परीक्षकाला शंभर पेपरांत तेच ते उदाहरण वाचून कंटाळा आलेला असतो.

उठताना पायाने जमीन मागे रेटतेस, जमीन तुला पुढे रेटते, हा न्यूटनचा तिसरा नियम. मॅटवर पाय धरतो आणि पाऊस पडून गेलेल्या मैदानावर घसरतो, ते घर्षण. खांबाला हात घालून वळतेस तेव्हा खांब नसता तर सरळ बाहेर फेकली गेली असतीस, कारण पहिल्या नियमाने अंगाला सरळच जायचं असतं. एका खांबात तीन-चार प्रश्न बसले बघ.

स्पर्धा आयोजनाच्या धड्यात 11 संघांची बाद पद्धतीची भाग्यपत्रिका, म्हणजे कुणाचा सामना कुणाशी त्याचा तक्ता, काढायला सांगितली होती. तू चार चौकोन काढून सोडून दिलंस. गावच्या जत्रेतल्या स्पर्धांत तू किती भाग्यपत्रिका पाहिल्या असतील! सूत्र पाठ करू नकोस, असा विचार कर. बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यानंतर एक संघ घरी जातो. शेवटी एकच उरायचा. म्हणजे 10 संघ घरी पाठवायला 10 सामने. दोन, चार, आठ, सोळा या मालिकेत 11 च्या लगेच वरचा आकडा 16. सोळातून अकरा गेले, पाच उरले. पाच संघांना पुढे चाल, म्हणजे पहिली फेरी न खेळताच दुसरीत, इंग्रजीत बाय. वरच्या अर्ध्यात 6 संघ, खालच्यात 5. पुढे चाल वर दोन, खाली तीन. पहिली खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्या संघाला, दुसरी वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याला, तिसरी खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याला, चौथी वरच्या अर्ध्यातल्या शेवटच्याला, मग पुन्हा खाली, शेवटून दुसऱ्याला. फेऱ्या चार: पहिल्या फेरीत तीन सामने, मग चार, दोन, एक. बेरीज दहा आली की तुझं उत्तर बरोबर, परीक्षकाला विचारायची गरज नाही. साखळी पद्धतीत मात्र प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. अकरातला प्रत्येक संघ दहांशी खेळणार, आणि एक सामना दोघांचा मिळून एक, म्हणून 110 चे निम्मे, 55. जत्रेत साखळी सामने का ठेवत नाहीत ते आता कळलं असेल. जत्रा संपेल, सामने संपणार नाहीत.

अशी बेरीज ताळ्यावर येणारी उत्तरं कला शाखेतल्या मुलांना फार क्वचित मिळतात. ती सोडू नकोस.

लांबीचं सांगते. तू पाच गुणांच्या प्रश्नाला तीन ओळी लिहिल्या आहेस, आणि एक गुणाच्या प्रश्नाला, जिथे फक्त पर्याय लिहायचा, तिथे दोन ओळी. पेपरची रचना अशी असते: 18 प्रश्न एकेका गुणाचे पर्यायी, मग दोन गुणांचे सहातले पाच, तीन गुणांचे सहातले पाच, चार गुणांचे तीन उताऱ्यावरचे, आणि पाच गुणांचे चारातले तीन. दोन गुणांना साठ ते नव्वद शब्द, तीन गुणांना शंभर-दीडशे, पाच गुणांना दोनशेच्या वर. उताऱ्यावरच्या प्रश्नांत एखादी शाळा, एखादा खेळाडू, एखादं चित्र दिलेलं असतं. ते खेळणाऱ्या मुलांना सोपे जातात, कारण तिथे प्रसंग असतो. ते आधी सोडव, धीर येईल.

आता सरांच्या "प्रॅक्टिकलचे 30 कुठं जात नाहीत" याबद्दल. सरांविषयी आदर ठेवून सांगते, जातात. त्या तिसांत खेळाचे फक्त सात आहेत. सात योगाचे, सहा शारीरिक क्षमता चाचणीचे, पाच फाइलचे, पाच तोंडी परीक्षेचे. माझ्या शाळेत एक मुलगी होती, राज्य पातळीवर कबड्डी खेळलेली, चढाईला गेली की समोरच्या बचावाची फळी विस्कटायची. तोंडी परीक्षेत तिला विचारलं, महिलांच्या कबड्डीचं मैदान किती मोठं? तिने परीक्षकाला खोलीबाहेर नेलं, व्हरांड्यात पावलं टाकली आणि म्हणाली, "इथून तिथपर्यंत, सर." पावलं बिनचूक होती, मी नंतर टेपने मोजली! पण आकडा तिने सांगितला नाही, 12 मीटर बाय 8 मीटर, आणि मार्क गेले. मी दाराशी उभी होते, पुढे होऊन सांगताही येईना.

तर खो-खोचं मैदान 27 बाय 16 मीटर, खांब जमिनीपासून 120 ते 125 सेंटिमीटर. जुन्या गाईडांत लांबी 29 मीटर दिसेल, ती आता लिहू नकोस. फाइलमध्ये मैदानाची आकृती, साहित्य, नियम, कौशल्यं हवीत. तालुक्याच्या दुकानात तयार फाइल मिळते, नाव घालून द्यायची. ती घेऊ नकोस. तोंडी परीक्षेत फाइलमधलंच विचारतात, आणि दुसऱ्याने लिहिलेलं आपल्याला वाचताही येत नाही. क्षमता चाचणीत तुझे स्वतःचे खरे आकडे घाल: 50 मीटरला किती सेकंद, 600 मीटरला किती मिनिटं, बसून पुढे वाकताना किती सेंटिमीटर. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोज. डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर, नीट जेवायला लागल्यावर 600 मीटरची वेळ कुठे जाते ते तूच बघशील.

योगाच्या भागात मुलं कृती आणि फायदे लिहितात, पण ते आसन कुणी करू नये हे विसरतात. हलासन लिहिलंस तर रक्तदाब जास्त असलेल्याने ते करू नये, हे लिहायलाच हवं. फाइलमध्ये ते मागितलेलंच असतं.

राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली आणि तारखा बोर्डाच्या पेपरवर आल्या, तर घाबरून खेळ सोडू नकोस. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतल्या खेळाडूंची सीबीएसई नंतर वेगळी परीक्षा घेतं. अर्ज शाळेने करायचा असतो आणि मुदतीत करायचा असतो. मुख्याध्यापकांना आत्ताच कानावर घालून ठेव.

आता त्या मुलीकडे येऊ. तू पत्रात तिला दोन ओळी दिल्यास आणि त्यांत राग स्पष्ट दिसतो. पण ती 600 मीटर पळायला उभी राहील तेव्हा तिची काय गाळण उडत असेल याचा विचार केलास? शारीरिक क्षमतेचे सहा आणि खेळाचे सात तिलाही मिळवायचे आहेत. तिच्या घरी जा. म्हण, मला लिहायला शिकव, मी तुला पळायला शिकवते. आठवड्यात दोन संध्याकाळी मैदानावर, दोन तिच्या घरी. माझ्या अनुभवात अशा जोड्यांतलं कुणी नापास झालेलं नाही. आणि तिच्या आईच्या हातचं काही खायला मिळालं तर नको म्हणू नकोस.

बाबांच्या बोलण्यावर रुसू नकोस. फुल आणि गुल जुळवायला डोकं लागतं, गडी मुळात गमत्या दिसतो. त्यांना हा धडा दाखव, दुखापतींचा. शेतात काम करणाऱ्या माणसाला मुका मार, मुरगळणं, कापणं सगळं ठाऊक असतं. तू इंग्रजी शब्द वाच, त्यांना मराठी विचार. दोन दिवसांत त्यांचा तोरा उतरेल आणि तुझी उजळणी होईल. फक्त मुरगळलेल्या घोट्याला लगेच तेल लावून रगडायचं ते म्हणतील, तिथे मात्र ऐकू नकोस. आधी फडक्यात गुंडाळून बर्फ, पंधरा-वीस मिनिटं, पट्टी आणि पाय उशीवर.

पुढचं काय, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. थोडक्यात सांगते. बारावीनंतर शारीरिक शिक्षणात थेट तीन वर्षांची पदवी आहे, बीपीईएस. बीपीएड ही शिक्षकाची पदवी, ती कुठल्याही पदवीनंतर दोन वर्षांची. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे, त्यांच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था 1957 ची. केंद्रीय विद्यापीठांच्या सीयूईटी या प्रवेश परीक्षेत शारीरिक शिक्षण हा एक विषय म्हणून निवडता येतो, तेव्हा ही वही तिथेही कामाला येईल. फिजिओथेरपी तुझ्या शाखेतून होणार नाही, त्याला जीवशास्त्र आणि ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा लागते. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, म्हणून प्रमाणपत्रं जपून ठेव, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीत. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या मुली आणि मुलं दोघंही जिंकले आणि दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. तुझ्या खेळाला आता "गावचा खेळ" म्हणून नाक मुरडणारे कमी झाले आहेत.

मला दोन गोष्टी कळव. एक, डॉक्टर काय म्हणाले. दोन, 13 संघांची बाद पद्धतीची भाग्यपत्रिका काढून फोटो पाठव. 11 ची मी सोडवून दिली, ती उतरवून पाठवलीस तर ओळखेन.

तुझी,
बाई